पॉम्पेईतला पिंक फ्लॉइड घरच्या वसरीत बघताना

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई’मध्ये प्रेक्षक नाहीत. कॉन्सर्ट फिल्मचा मुख्य भाग इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या रिकाम्या, उघड्या रोमन रंगभूमीत घडतो. चार वादक (बासवर रॉजर वॉटर्स, गिटारवर डेव्हिड गिल्मर, कीबोर्डवर रिचर्ड राइट, ढोलांवर निक मेसन), त्यांची यंत्रं, कॅमेरेवाले, वाळू आणि ऊन. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, गाणं सुरू होताच उठणारा गलका नाही. घरी बघणाऱ्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाकीच्या कॉन्सर्ट फिल्ममध्ये गर्दीचा आवाज बरंच काही झाकून नेतो. खोली घुमत असली, टीव्हीचे स्पीकर चिरकत असले तरी कान तेवढं चालवून घेतो. इथे झाकायला काहीच नाही. झांजेवरची काठी, इकोचा तिसरा-चौथा पडसाद, पियानोचा एकटा सूर, सगळं उघड्यावर आहे. खोली वाईट असेल तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

म्हणून ही फिल्म लावण्याआधी तासभर खोलीवर घालवावा असं मला मनापासून वाटतं. गोव्यातल्या घरांचे काही गुण आणि काही दुखणी इथे थेट कामाला येतात.

आधी कुठली आवृत्ती बघायची ते. चित्रीकरण ४ ते ७ ऑक्टोबर १९७१ या दिवसांत झालं, दिग्दर्शक एड्रियन मेबन. १९७२ची पहिली आवृत्ती साधारण तासाभराची, निव्वळ वादनाची. १९७४च्या आवृत्तीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली दृश्यं घातली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचं काम चालू असतानाची ती दृश्यं आहेत, सिंथेसायझरशी झटणारा वॉटर्स आणि उपाहारगृहातल्या गप्पांसकट. २००३ साली मेबननी स्वतःची लांब आवृत्ती डीव्हीडीवर आणली. तिच्यात अवकाशाची आणि संगणकावर केलेली दृश्यं मध्ये मध्ये येतात. मला ती खटकतात, कारण हात वाजवत असताना कॅमेरा दुसरीकडे जातो. त्याच डीव्हीडीवर मूळ तासाभराची फिल्मही वेगळी दिलेली आहे. ही डीव्हीडी हाताशी असेल तर ती मूळ फिल्म आधी बघा. २०२५मध्ये मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून नव्यानं साफ केलेली प्रत आली. लाना टोफम यांच्या देखरेखीखाली ते काम झालं आणि आवाजाचं मिश्रण स्टीव्हन विल्सननं नव्यानं केलं. आज पहिल्यांदा बघणाऱ्यानं सरळ हीच घ्यावी. वाळूचा कण न् कण दिसतो, आणि गिटारची तार कुठल्या बोटाखाली आहे तेही.

परदेशातून कुणाकडून डिस्क मागवणार असाल तर डब्यामागचा रीजन बघून घ्या. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’मध्ये येतो, युरोप ‘बी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. डीव्हीडीला भारत ५, पश्चिम युरोप २, अमेरिका १. डब्यावर सगळे रीजन चालतील अशी खूण असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आपला प्लेअर ती वाचेल का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. लिस्बनहून किंवा लंडनहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून डिस्क येतात आणि इथे येऊन नुसत्या कपाटात पडून राहतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जुन्या युरोपीय डीव्हीडींबाबत आणखी एक खोच आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, तिकडची टीव्ही पद्धत २५वर. २४वर घेतलेली फिल्म २५नं चालवली की ती सुमारे ४ टक्के जलद धावते, आणि आवाज तसाच सोडला असेल तर सूरही चढतो. हा चढ शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या पाऊणपट भरेल एवढा असतो. गोष्टीच्या सिनेमात ते कळत नाही, गाण्याच्या फिल्ममध्ये कळतं. तपासायला घरातली पेटी पुरे. फिल्ममधल्या ‘वन ऑफ दीज डेज’ या गाण्यात बास गिटार बहुतेक वेळ एकाच सुरावर ठाण मांडून असते. तो सूर पांढरी सातचा. पांढरी सात दाबून धरा. वाद्यं जुळवण्यातला बारीकसा फरक सोडला तर दोन्ही एकमेकांत मिसळायला हवेत. स्पष्ट चढा ऐकू आला तर प्रत जलद धावते आहे असं समजा. मग पेटी किंवा गिटार घेऊन सोबत वाजवायला बसू नका, काही केल्या जुळणार नाही.

आता टीव्ही. दुकानातून आणलेल्या टीव्हीवर चित्र ‘सुधारणारी’ सगळी यंत्रणा चालूच असते, आणि या फिल्मची सगळ्यात मोठी वैरी तीच. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पहिली बंद करा. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. ती चालू असली की टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं बनवून घालतो. ढोलाच्या काठीसारखी वेगवान गोष्ट आली की त्याचा अंदाज चुकतो. काठीच्या टोकाला पाणी सुटल्यासारखं दिसतं आणि झांजेची कड हलते. दुसरं, ‘नॉइज रिडक्शन’ बंद. जुन्या फिल्मवरचे दाणे म्हणजे धूळ नव्हे, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं आहे. ते पुसायला गेलात की त्यांच्याबरोबर वाळूही पुसली जाते आणि माणसांच्या कातडीचं मेण होतं. तिसरं, शार्पनेस तटस्थ आकड्यावर आणा. सोनीत तो ५०वर आहे, बऱ्याच कंपन्यांत शून्यावर किंवा त्याच्या आसपास. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एका बटणात यातलं बहुतेक काम होतं.

चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर राहू द्या. ४:३चं चित्र झूम करून रुंद टीव्हीभर पसरलं तर वरखाली मिळून पाव चित्र कापलं जातं. आणि कापलं जातं ते नेमकं काय? पायाखालचे पेडल, ढोलाचा तळ, मागच्या पायऱ्या. जे बघायला बसलोय तेच.

यूट्यूबवर किंवा स्ट्रीमिंगवर बघणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवतो की वाळूची दृश्यं तिथे सगळ्यात आधी बिघडतात. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, इंटरनेटवर त्याच्या लहानशा हिश्श्यात भागवावं लागतं. संथ झूम, खाली दाणेदार वाळू, वर फिल्मचे दाणे. एवढं सगळं सांभाळता आलं नाही की जमिनीवर चौकोन तरंगायला लागतात. त्यात टीव्हीचा दोष नाही.

चित्र झालं की आवाज आणि चित्र एकत्र पडतात का ते बघायचं. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो, साउंडबार किंवा रिसीव्हर आपला वेगळा वेळ घेतो. ब्लूटूथ स्पीकर तर कॉन्सर्ट फिल्मला लावूच नका. टीव्हीनं उशीर भरून काढला नाही तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, आणि काठी वर गेल्यावर ठोका ऐकू येतो. वायर वापरा. जुळवण्यासाठी गायकाच्या ओठांकडे बघू नका, कारण या फिल्मच्या गाण्याच्या आवाजांवर नंतर पॅरिसमध्ये पुन्हा काम झालं आहे. ढोल बघा. त्यासाठी याच फिल्मनं एक छान सोय करून ठेवली आहे. ‘वन ऑफ दीज डेज’च्या चित्रीकरणाची काही रिळं हरवली, हाती राहिलं त्यात मुख्यतः निक मेसनच होता, म्हणून जवळजवळ अख्खं गाणं कॅमेरा त्याच्यावरच आहे. स्नेअर या ढोलावर काठी पडताना आणि ठोका कानात पडताना दोन्ही एक व्हायला हवेत. रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ १० मिलिसेकंदांच्या पायरीनं हलवत न्या. आवाज चित्राच्या आधी आला तर डोक्याला लगेच बोचतं, किंचित मागून आला तर कमी बोचतं. तेव्हा शंका असेल तिथे थोडा मागे ठेवा.

आता खोली. इथे जरा जास्त थांबायला हवं.

जुन्या घराची वसरी म्हणजे गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, वर लाकडी वाशांवर मंगळुरी कौलं. वर कौलं असणं हे नशीबच म्हणायचं. उतरतं छप्पर आणि कौलांमधल्या फटी आवाज सोडून देतात, तो डोक्यावर साचत नाही. त्रास होतो तो समोरासमोरच्या भिंतींचा. मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर आवाज दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा आपटतो आहे. फिल्ममध्ये तो शेपटा मेसनच्या प्रत्येक झांजेला चिकटेल, आणि इकोचे पडसाद खरे कुठले आणि आपल्या भिंतीचे कुठले ते कळणार नाही. उपाय आरशाचा. आपण आपल्या जागी बसायचं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीलगत आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूनं खूण करायची. दोन्ही भिंतींवर त्या खुणेशी जाड गोधडी किंवा वाकळ टांगा, आणि भिंतीला चिकटवून न टांगता चार-पाच इंच पुढे दोरीवर टांगा. मागे हवा राहिली की तीच गोधडी खालचे सूरही थोडे जास्त शोषते. स्पीकर आणि बैठक यांच्यामधल्या जमिनीवर जाड गालिचा हवा. साध्या चटईनं फारसं काही होत नाही.

दोन स्पीकर आणि बैठक मिळून समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे स्पीकर एकमेकांपासून आठ फुटांवर तर आपणही दोघांपासून आठ फुटांवर. वसरी लांबट असेल तर स्पीकर आखूड भिंतीशी. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, नाहीतर खालचा आवाज फुगतो.

फ्लॅटमध्ये गणित वेगळं, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. प्रत्येक खोलीचा स्वतःचा सूर असतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं ३४३ला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाच्या वेगाला, भागा, अंतर मीटरमध्ये. जो आकडा येईल त्या हर्ट्झला खोली घुमते. १५ फुटी खोली म्हणजे साधारण साडेचार मीटर, उत्तर ३८. बास गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. म्हणजे खोली त्या तारेला हाताशी धरून बसलेली. आता उंचीकडे बघा. नऊ फुटी स्लॅब म्हणजे २.७४ मीटर, उत्तर साडेबासष्ट. आणि ‘वन ऑफ दीज डेज’मधली ती पांढरी सात आहे ६१.७ हर्ट्झला. अख्खं गाणं ज्या सुरावर उभं आहे, तोच सूर जमीन आणि स्लॅब यांच्यामध्ये अडकतो.

असा अडकलेला सूर जमिनीशी आणि छताशी सगळ्यात मोठा ऐकू येतो, आणि बरोबर मध्यावर, साडेचार फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान साडेतीन-पावणेचार फुटांवर असतो, म्हणजे त्या पोकळ पट्ट्याच्या काठावर. म्हणून माणसं म्हणतात की बास येतच नाही, आणि सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, वाढवतात. मग वरच्या मजल्यावरच्यांची जमीन हादरते आणि यांना तरीही ऐकू येत नाही. खाली बसा. भारतीय बैठकीत कान अडीच फुटांवर येतो, आणि तिथे त्या सुराचा दाब हिशेबानं खुर्चीवरच्यापेक्षा जवळपास दुप्पट भरतो. भजनाला बसतो तसं बसायचं, मागे लोड घ्यायचा, सबवूफर होता तिथेच ठेवायचा.

सबवूफरला जागा शोधायची जुनी रीत अजूनही सगळ्यात चांगली. तो आपल्या बसायच्या जागेवर ठेवा, बासचा तुकडा चालू करा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यावर फिरा. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाचा ऐकू येईल तिथे सबवूफर न्या. कोपरा शक्यतो टाळा, तिथे सगळंच फुगतं. मग मोबाइलवर सूर काढणारं अ‍ॅप घेऊन ३० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्या आणि खणखण कुठून येते ते शोधा. शोकेसची काच, स्टीलच्या डब्यांची झाकणं, देवघरातल्या समईचं वरचं पात्र, खिडकीचा सैल अडसर. हे सगळं आधी वाजून घेतं. फेल्टचा तुकडा किंवा दुमडलेला कागद घातला की गप्प होतं.

रिसीव्हरमधलं किंवा टीव्हीतलं ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद हवं. ही सोय हळू आवाज वर आणते आणि मोठा दाबते. फिल्ममधल्या ‘एकोज’ या गाण्याची सुरुवात एका टिपक्यासारख्या सुरानं होते आणि पुढे भिंत उभी राहते. दोन्ही एकाच उंचीचे केले तर रचनाच मोडते. पण मग त्या टिपक्यासाठी खोली शांत हवी, आणि कौलांवर पाऊस कोसळत असताना ती तशी मिळत नाही. पत्र्याच्या शेडखाली तर नावच नको. आषाढातली रात्र यासाठी निवडू नका. गणपती आटोपल्यावर, पाऊस सुटा व्हायला लागला की लावा. ४ ते ७ ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे हस्त नक्षत्राचे दिवस. तेव्हा दुपारनंतर गडगडाट होतो, तो ओसरला की रात्री हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. फक्त विजा चमकत असतील तर प्लग उपटून ठेवा, आणि केबल टीव्हीची गोल वायरही काढा. त्या वायरीतून आलेल्या झटक्यानं टीव्ही गेल्याची तक्रार दुरुस्तीवाल्याकडे नेहमीची.

लाईट जाण्याची तयारी ठेवा. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो, शुद्ध साइन लहरीचाच घ्या. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर टीव्ही, प्लेअर आणि रिसीव्हर मिळून ३५० वॉटचा भार दोन तास सहज निघतो, पंखा वेगळा धरा. लाईट असतानाही एक जाड ‘हूं’ ऐकू येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, अर्थिंगचा दोष. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. तरी थांबला नाही तर केबलची वायर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. या फिल्ममध्ये वीज हा विषय परका नाही. पॉम्पेईत वादक पोचले तेव्हा तिथली वीज त्यांच्या सामानाला पुरेना. काही दिवस असेच गेले. शेवटी गावातून लांबच लांब केबल ओढून आणली तेव्हा कुठे वादन सुरू झालं. पडद्यावर जे उन्हात इतकं निवांत दिसतं, ते वाया गेलेल्या दिवसांच्या घाईत उरकलेलं आहे.

दमट हवेचं थोडक्यात: डिस्कच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, डब्यातला कागद बुरशी धरतो आणि मग ती डिस्कवर येते. पुसायची झाली तर मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ, गोल कधी नाही. पावसाळ्यात प्लेअर आठवड्यातून तासभर चालू ठेवला की आतली भिंगं कोरडी राहतात.

आवाज किती? मोबाइलच्या मीटरवर सरासरी ८० ते ८५ डेसिबल भरपूर झाला. त्याच्या पुढे दर ३ डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ निम्मा होतो, ८५ला आठ तास तर ९४ला एकच. सव्वाआठला सुरू केलं तर सगळ्यात लांब आवृत्तीही दहाच्या आत संपते, शेजाऱ्यांना आणि रात्री दहाच्या नियमालाही बरं. दहा-बारा मित्र घरी जमले तर ठीक. मात्र क्लबात किंवा देवळाच्या मंडपात लावायची असेल तर घरगुती डिस्कवर ती परवानगी नसते, हक्कदारांकडून वेगळी घ्यावी लागते.

आता फिल्म. सुरुवातीचा संथ झूम हा या बैठकीचा कस आहे. कॅमेरा रंगभूमीच्या दूरच्या टोकावरून हळूहळू आत येतो, मध्ये मुंगीएवढे चार जण. ही रंगभूमी ख्रिस्तपूर्व ७०च्या सुमाराची, इसवी सन ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गेलेली. या झूममध्ये टीव्हीची काही चलाखी चालू राहिली असेल तर पायऱ्यांच्या ओळी थरथरतात. तसं दिसलं तर थांबवून परत सेटिंगमध्ये जा, पुढे तेच सतावेल. ‘एकोज’ मधोमध कापून एक भाग सुरुवातीला आणि एक शेवटाला ठेवलेला आहे. चित्रीकरण झालं तेव्हा हे गाणं ज्यावर आहे तो ‘मेडल’ अल्बम बाजारातही आला नव्हता. पहिला सूर पियानोचा, पण तो लेस्ली स्पीकरच्या फिरत्या भोंग्यातून काढलेला, म्हणून पाण्याखालून आल्यासारखा. पुढे पक्ष्यांच्या किंकाळ्या येतात त्या गिल्मरच्या गिटारच्या. वा-वा पेडलला वायरी उलट्या जोडल्या, गिटार बाहेरच्या भोकात आणि अ‍ॅम्प्लिफायर आतल्या, की ते पेडल स्वतःच ओरडायला लागतं आणि गिटारच्या बटणांनी त्याला वळवता येतं. तेव्हा डावा हात तारांवर शोधू नका, उजवा हात बटणांवर बघा.

कॅमेरा सामानाच्या मागून सरकतो तेव्हा खोक्यांवर पिंक फ्लॉइड, लंडन अशी छापील अक्षरं दिसतात. त्या यंत्रांवरही नजर ठेवा. वॉटर्स आणि गिल्मरचा इको देणारं बिन्सन एकोरेक हे मिलानचं. त्यात टेप नसते, फिरत्या चुंबकी चकतीवर आवाज नोंदला जातो आणि कडेनं बसवलेली हेडं तो ओळीनं परत वाचतात. राइटचा फार्फिसा ऑर्गनही इटलीचाच. लंडनहून ट्रकमधून आलेलं हे सामान, त्यातली निम्मी जादू मूळची तिथलीच.

‘वन ऑफ दीज डेज’ आता दुसऱ्यांदा बघा, जुळवणीसाठी नव्हे. बासवाला एक सूर काढतो आणि एकोरेक त्याला उत्तर देतं. हात जेवढं वाजवतो त्याच्या दुप्पट ऐकू येतं. आपल्याकडे घुमट आरतीला, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीनं होणाऱ्या आरतीला, बसलेल्या कानाला हे लगेच कळतं. एक घुमट ठेका धरतो, बाकीचे मधल्या जागा भरतात, आणि शमेळ हा ढोल वरून काठी टाकतो. एकेकट्याचा ठेका साधा, गुंतागुंत त्यांच्या एकत्र येण्यात. इथे दुसरा घुमट यंत्र आहे, एवढाच फरक. मग मेसनच्या हातातून काठी निसटते. ठोका चुकत नाही. एका हातानं चालू ठेवून तो दुसरी काठी उचलतो आणि परत त्याच वेगात येतो. पहिल्या वेळी डोळ्यांना कळतं पण कानाला नाही, म्हणून तेवढा तुकडा मागे नेऊन डोळे मिटून ऐका.

‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात प्रिय. गिल्मर वाळूत बसून तारांवर स्लाइड फिरवतो, राइट पियानोवर मुठी आपटतो, मेसन एकच आवर्तन घोटत राहतो आणि वॉटर्स मोठ्या घंटेवर, गॉंगवर तुटून पडतो. नुसतं ऐकलं तर गोंधळ वाटेल, पण बघितलं की कोण कुणाकडे पाहून पुढे सरकतो ते दिसतं. गॉंगचा आवाज ठोक्याबरोबर येत नाही, ठोक्यानंतर फुलत जातो. गोधड्या बरोबर टांगल्या असतील तर त्याचं फुलणं शेवटपर्यंत ऐकू येतं. नसतील तर पहिल्या दोन ठोक्यांनंतर नुसती कढई आपटल्यासारखं होतं. आणि मग ते सगळं थांबतं, ऑर्गन उरतो, त्यावर गिल्मरचा शब्दांवाचूनचा आवाज. इथे कुणी बोलू नये, अशी विनंती बैठकीआधीच करून ठेवा.

प्रत्येक गाणं पॉम्पेईतलं नाही, हेही ध्यानात असू द्या. तिथे झाली तीनच, ही दोन आणि ‘एकोज’. ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ आणि ‘केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, युजीन’ पॅरिसच्या स्टुडिओत झाली. ओळखायची खूण राइटच्या चेहऱ्यावर आहे, पॉम्पेईत दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही. तिथेच नॉब्स नावाची रशियन जातीची कुत्री गिल्मरच्या हार्मोनिकाला साथ देऊन गळा काढते. घरात कुत्रं असेल तर तेवढ्यापुरतं आवाजाचं बटण हाताशी ठेवा, उत्तर हमखास येतं.

शेवटी ‘एकोज’ परत येतं आणि कॅमेरा जसा आत आला होता तसा मागे जातो. माणसं पुन्हा लहान होत जातात. त्याच जागी गिल्मर जुलै २०१६मध्ये परत वाजवायला गेला तेव्हा समोर प्रेक्षक होते. या फिल्ममध्ये मात्र शेवटपर्यंत कुणी नाही, आणि वारा हळू होत जातो. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवा लावू नका. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी, मग प्लेअर, शेवटी टीव्ही. उलट केलं तर स्पीकरमध्ये धप्पकन ठोका बसतो, आणि अशा ठोक्यांनी सबवूफरचा कागद हळूहळू फाटत जातो.